रोझमेरी हे रब्बीचं झाड आहे

परभणीत रोझमेरी वाढवणं ही चैन आहे. आमच्याकडच्या अंगणात शोभतं ते तुळशीवृंदावन, कढीपत्ता, गवती चहा, फार तर मोगरा. पण गेल्या काही वर्षांत केसांना लावायच्या रोझमेरीच्या पाण्याचं असं वारं सुटलं, की वसमत रोडपासून जिंतूर रोडपर्यंत रोपवाटिकांमध्ये ही बारीक, टोकदार पानांची रोपं दिसू लागली. ती घरोघर गेली आणि घरोघर एकच तक्रार ऐकू येऊ लागली : "आणलं तेव्हा छान होतं हो, मग एकाएकी वाळलं."

मी निवृत्त भूगोल शिक्षक. शेती थोरल्या भावाकडे, मानवतजवळ. माझ्या वाट्याला आली ती गच्ची. तिथे रोझमेरी जगवता जगवता जे हाती लागलं, ते मांडतो आहे. याला सल्ला म्हणू नका, सल्ला द्यावा इतकी झाडं माझ्याकडे टिकलेली नाहीत. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणत नशीब आजमावणाऱ्यांच्या गावात राहून जे कळलं, ते इतकंच.

१. रोझमेरीचा जीव उन्हाळा घेत नाही, पावसाळा घेतो. धसका सगळ्यांना मे महिन्याचा असतो. ४२-४४ अंशांत हे नाजूक दिसणारं झाड कसं तगणार, अशी काळजी. ते तगतं. जरा रुसतं, पानं आखडून घेतं, पण तगतं. घात होतो तो श्रावण-भाद्रपदात. हिचं मूळ घर भूमध्य समुद्राकाठचे खडकाळ उतार. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. ते एक दिवस माझ्याच गच्चीवर, कुंडीत, येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं. आपल्याकडे सगळं उलट. वर्षाचा आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तोही उकाड्यासकट. गरम आणि ओलं असं दोन्ही एकदम सोसायची तिच्या मुळांना सवयच नाही. त्यातही फसगत अशी, की मुळं कुजतात सप्टेंबरात आणि पानं वाळतात ऑक्टोबरच्या उन्हात. मग आळ येतो उन्हावर, आणि आपण आणखी पाणी घालतो.

२. माना टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. हे मला पुस्तकाने नाही, दादाने शिकवलं, आणि तेही कापसाच्या निमित्ताने. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडकडे झालेला पाऊस आठवत असेल. पाणी ओसरलं आणि दादाच्या रानात भर ओलीत कापूस मलूल होऊन उभा. शेतकरी याला आकस्मिक मर म्हणतात. रानात एकदम पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि हवा नसली की मुळं पाणी उचलत नाहीत. पायाशी पाणी असून झाड तहानेने जातं. गच्चीवरची रोझमेरीही त्याच दिवसांत मलूल झाली होती. दादा जिना चढून आला, कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "चिखल हाय की नुसता. कामून पाणी ओतायलास अजून?"

आता मी पानांवर विश्वास ठेवत नाही. दोन पेरं आत बोट घालतो, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतो, शंका वाटली तर रोप मातीसकट अलगद बाहेर काढून मुळं बघतो. पांढरट, टणक असली तर ठीक. तपकिरी झाली असतील, चिमटीत धरल्यावर साल निसटत असेल, कुबट वास येत असेल, तर मूळकूज. थोडी कूज असली तर तेवढी मुळं कापायची, वरचे शेंडेही त्या मानाने कमी करायचे, कोरड्या भुसभुशीत मिश्रणात रोप बसवायचं आणि काही दिवस सावलीत ठेवायचं. सगळीच मुळं गेली असतील तर झाडाचा नाद सोडून वरच्या हिरव्या काड्या वाचवायच्या. झाड आहे तसं ठेवून 'बघू उद्या' म्हटलं, की उद्या काड्याही हातच्या जातात.

३. तुळशीच्या गोतातली असली तरी तिला तुळशीचं पाणी सोसत नाही. तुळस, पुदिना, सब्जा, पानओवा आणि रोझमेरी ही सगळी एकाच कुळातली. कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. शास्त्रज्ञांनी तर २०१७ मध्ये रोझमेरीचं वेगळं घर मोडून तिला साल्व्हियाच्या मोठ्या कुटुंबात नेऊन बसवलं. हे ऐकून मी तिची कुंडी कौतुकाने वृंदावनाशेजारी मांडली. आमची आई रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं शेजारणीला. "एकीला पाजायचं अन् एकीला उपाशी ठेवायचं का?" हा तिचा प्रश्न. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया तिने पाहिल्यात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा टीव्हीपुढे बसून तिने हात जोडले होते. तिला 'पाणी घालू नकोस' असं सांगायची माझी प्राज्ञा नाही. शेवटी मी आईला काही न सांगता कुंडीच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. मराठवाड्यात कुणी अति पाण्याने मरतं, हे आमच्या पिढ्यांच्या पचनी पडणं कठीणच.

एक गोष्ट मात्र धीर देते. गजऱ्यात माळतो तो मरवाही मूळचा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा, आणि याच कुळातला. तो इथे इतका रुळला, की त्याला परका म्हटलं तर लोक हसतील. रुळायला त्याला शतकं मिळाली. आपण रोझमेरीला एक पावसाळा देतो आणि निकाल लावतो.

४. काळ्या मातीचा अभिमान कुंडीबाहेर ठेवावा. या मातीवर आमचं घर चाललं, त्यामुळे तिच्याबद्दल वाकडं बोलताना जीभ अडखळते. काळा बेसॉल्ट झिजून झालेली ही चिकण माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात तिची ओल धरून ठेवायची ताकद हीच तिची दौलत. कुंडीत तीच ताकद उलटते. ओली असते तेव्हा हवा शिरत नाही. वाळते तेव्हा कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेलं पाणी कडेकडेने सरळ भोकातून निघून जातं. आपल्याला वाटतं निचरा झकास आहे, आणि मधली मुळं ठणठणीत कोरडी. कुजणं आणि करपणं दोन्हीची सोय एकाच कुंडीत.

माझं सध्याचं मिश्रण असं : जिंतूरकडच्या माळावरचा चाळलेला मुरूम दोन भाग, जाड वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग, साधी माती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत अर्धा भाग. मुरूम चाळताना खाली पडणारी भुकटी टाकायची आणि बारीक खडा ठेवायचा, नेमकं उलट नको. मिश्रण ओलं करून मूठ आवळायची. उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर मुरूम कमी पडला. तळाशी खापऱ्यांचा जाड थर घातला की निचरा होतो ही समजूतही मी आता सोडली आहे. वरची माती चिकट असेल तर पाणी त्या थराच्या वरच अडकून बसतं. भोकावर एक खापरी पुरते. दादाने हे मिश्रण पाहिलं आणि विचारलं, "कुंडी भरायलास का रस्ता करायलास?" हा प्रश्न पडेल इतपत खडी असली की समजावं, जमलं.

५. रोप घेताना आपण पानं बघतो, बघायला हवा मुळांभोवतीचा गोळा. आमच्याकडे येणारी रोपं बहुधा लांबून येतात, पुण्याकडून किंवा आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांमधून. कुणाच्या मुळाशी लाल चिकट मातीचा गोळा असतो, कुणाच्या कोकोपीटचा. तो गोळा तसाच आपल्या मोकळ्या मिश्रणात बसवला की कुंडीत दोन मुलूख तयार होतात. बाहेरचा भाग वाळतो तेव्हा आतला गोळा ओलाच असतो, आणि कोकोपीट एकदा ठार वाळलं की पाणी वरच्या वर झटकून टाकतं. वरून सगळं ओलं दिसतं, आत धूळ. मी आता रोप लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवतो, मग बाहेरचा थर बोटांनी हलकेच सोडवतो आणि गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करतो. सगळा गोळा धुऊन काढायचा उत्साह दाखवत नाही, त्यात बारीक मुळं तुटतात. शिवाय ही रोपं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. त्यांना आणल्या दिवशी गच्चीवरच्या उन्हात ठेवणं हा पाहुण्याचा छळ आहे. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं थोडं जास्त.

६. मनातल्या मनात रोझमेरीला रब्बीच्या पिकांत टाकलं आणि बरंचसं सोपं झालं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली १८ मे रोजी स्थापन झालं. त्या तारखेला दरवर्षी खरीप मेळावा भरतो, आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा. या दोन तारखांत आमच्या जिल्ह्याचं वर्ष सामावतं. आपली झाडं लावायची हौस मात्र सगळी मृगाला बांधलेली. पहिला पाऊस पडला की लोक रोपवाटिकेत, आणि रोझमेरी घरी येते ती नेमकी तिच्या वैऱ्याच्या मुहूर्तावर.

ती लावावी हस्ताचा पाऊस सरला, ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की. दिवाळीनंतर. हरभऱ्याच्या बरोबरीने. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला तिचा खरा वाढीचा काळ. परभणीची थंडी काही मिळमिळीत नाही. विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि आमचं गाव राज्यभराच्या बातम्यांत येतं. आम्ही कानटोप्या शोधतो, रोझमेरी नवे शेंडे काढते. पाण्याचा नियमही रब्बीचाच. दादा रब्बीला विद्यापीठाची 'परभणी मोती' ज्वारी पेरतो, ती जमिनीतल्या ओलीवर येते. दर दोन दिवसांनी पाणी द्यायचा विचार कुणी करत नाही. कुंडीतही वापसा येऊ द्यायचा, वरची दोन पेरं माती कोरडी लागली की मग भरपूर, खालून निथळेपर्यंत पाणी घालायचं, आणि पुन्हा विसरायचं. रोज घोट घोट पाणी कधीच नाही.

उरलेल्या महिन्यांकडून अपेक्षा कमी ठेवायची. एप्रिल-मे तग धरायचा, जून ते सप्टेंबर पाय कोरडे ठेवायचे. या काळात कुंडी बदलणं, खत घालणं, मोठी छाटणी करणं, यातलं काहीही नाही. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या किंवा सज्ज्याच्या आडोशाला, उजेडात आणि वाऱ्यावर, पागोळ्यांपासून दूर. खाली दोन विटा, आणि तळातली बशी काढून टाकलेली.

७. उन्हाचा चटका झाडाला कमी, कुंडीला जास्त बसतो. रोझमेरीला ऊन हवंच, दिवसाचे निदान सहा तास. दया येऊन तिला घरात खिडकीशी नेलं की ती लांबोडकी होते, फांद्या विरळ, पानं फिकी. पण मे महिन्यात तापतो तो गच्चीचा स्लॅब, आणि त्यावर टेकलेली काळी प्लॅस्टिकची कुंडी. आतली मुळं त्यात शिजतात, आणि आपण वर पानांवर पाणी शिंपडत बसतो. मी आता मातीची कुंडी वापरतो. उन्हाळ्यात ती एका मोठ्या कुंडीत ठेवतो आणि मधल्या फटीत वाळू भरतो. वाळू ओलसर ठेवली की आतली कुंडी गार राहते. उन्हाळ्यापुरती जागा पूर्वेकडची, सकाळी अकरापर्यंत ऊन, पुढे सावली किंवा अर्धी सावली देणारी जाळी. पाणी संध्याकाळी, स्लॅब निवाल्यावर. दुपारी माना टाकलेली रोझमेरी संध्याकाळी आपोआप सावरते का, हे आधी बघावं. सावरली तर तिला काहीही नको होतं.

८. आरओचं वाया जाणारं पाणी झाडाला घालणं ही काटकसर महागात पडते. आमच्या बोअरचं पाणी जडच. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरे चट्टे उमटतात ते क्षारांचे. आरओ यंत्र नळीतून जे पाणी सोडून देतं, त्यात हेच क्षार आणखी दाट झालेले असतात. रोझमेरीच्या पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली, माती मात्र ठीक आहे, मुळं ठीक आहेत, तर संशय पाण्यावर घ्यावा. ती चुनखडीच्या डोंगरांवर वाढणारी, तिला चुन्याचं वावडं नाही. साचत जाणाऱ्या क्षारांचं आहे. पावसाचं पाणी पिंपात साठवून हिवाळ्यात एखाद-दोनदा त्याने कुंडी भरपूर धुऊन काढली, खालून बराच वेळ वाहू दिलं, की नवे शेंडे स्वच्छ येतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आमच्याकडच्या मोसंबीवाल्यांना ही खूण पाठ आहे, आणि त्यांच्याकडचं चिलेटेड लोह बेताने वापरलं तर इथेही चालतं.

९. लाड केले की वास जातो. रोझमेरीचा सुगंध म्हणजे तिच्या पानांतलं तेल, आणि खडकावर, उन्हात, अर्धपोटी वाढताना ते तिच्या कामाचं असतं. भरपूर नत्र मिळालं की ती भराभर वाढते, हिरवीगार दिसते, आलेले-गेलेले कौतुक करतात. पान चुरगळलं की मात्र हाताला गवताचा वास. वर त्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा हजर. युरिया नको, जीवामृताचा मारा नको, रोजचा चहाचा चोथा तर नकोच. कार्तिकात मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळलं, वर्षाचं काम झालं.

१०. कीड दिसली की आधी वारा कुठून येतो ते बघावं. कुंड्या खेटून मांडल्या, आडोशाला कोंदट जागा असली, की पानांवर भुरी धरते. ही तीच पांढरी पूड, जी वेलभाज्यांवर, द्राक्षांवर येते. कुंड्या लांब लांब केल्या आणि आतल्या दाटीतल्या फांद्या विरळ केल्या, की निम्मी भुरी तिथेच थांबते. उन्हाळ्यात पानं धुळकट, भुरकट, ठिपक्यांची दिसायला लागली तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावर बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने दिला की तो बराच कमी होतो. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. कपाशीतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे तो. कापसाच्या बोळ्याने पुसायचा, मग निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण. रासायनिक कीटकनाशक मी वापरत नाही, याला तत्त्व वगैरे काही नाही. ही पानं बटाट्यावर पडतात आणि नातवाच्या पोटात जातात.

११. कात्री घाबरत घाबरत चालवली तर झाड टकलं होतं. छाटायचं नाही म्हटलं की फांद्या खालून लाकडी होत जातात, पानं फक्त टोकाला उरतात. एकदम खाली, बिनपानी लाकडावर कापलं, तर तिथून फूट येईलच याचा भरवसा नाही. म्हणून थंडीत, हिरव्या भागातच, थोडं थोडं आणि वरचेवर. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा ही माझी कमाल मर्यादा. ती मी पाळतो, गल्ली पाळत नाही. झाड सावरलं की वहिनी, मावशी, शेजारच्या मुली केसांसाठी ओंजळ ओंजळ काड्या मागायला येतात. या वेडाच्या मुळाशी २०१५ सालचा इराणमधला एक प्रयोग आहे. त्यात १०० जणांचे दोन गट केले होते, एकाला रोझमेरीचं तेल, दुसऱ्याला दोन टक्क्यांचं मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस वाढलेले दिसले, तीन महिन्यांनी मात्र काहीच फरक नव्हता. प्रयोग तेलाचा होता, पातेल्यात उकळलेल्या पाण्याचा नव्हे, आणि माणसंही थोडीच. हे मी प्रत्येकीला सांगतो. माझ्या डोक्याकडे बघून त्या माझं म्हणणं मनावर घेत नाहीत. त्यांचा तर्क असा, की माझ्याकडे एवढं झाड असून मी ते लावत नाही, म्हणूनच ही अवस्था.

१२. एका झाडावर जीव लावू नये, काड्यांवर लावावा. बियांचं पाकीट आणून वाट बघत बसायच्या भानगडीत पडू नका. रोझमेरीचं बी सावकाश उगवतं, आणि त्यातलं बरंचसं उगवतच नाही. काडी सोपी. डिसेंबर-जानेवारीत, न फुललेल्या शेंड्याची, साधारण बोटभर लांब. खालची पानं ओरबाडून काढायची, ओलसर वाळूत किंवा विटांच्या चुऱ्यात खोचायची, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवायची. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरते. ओढून बघायचा मोह आवरावा. शेंडा हलला, नवी पानं आली, की समजावं. मागायला आलेल्यांना मी आता पानं कमी आणि काड्या जास्त देतो. यामागे दानत कमी आणि हिशेब जास्त आहे : माझं झाड पुढच्या पावसाळ्यात गेलं तर गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर त्याची लेक असेल. गेल्या पावसाळ्यानंतर माझी कुंडी पुन्हा भरली ती अशीच, मागच्या गल्लीतून आलेल्या माझ्याच काडीने. काडी देणारीने देताना "जास्त पाणी घालू नका बरं का काका" असंही बजावलं.

आता निकाल. परभणीत रोझमेरी जगते. पण ती इथे कायमचं मोठं झुडूप होऊन कुंपणाला शोभत नाही. वर्षातले चार महिने मजेत, चार महिने कशीबशी आणि चार महिने जीव मुठीत धरून राहते. हे मान्य असेल तर तिच्यासारखं कमी मागणारं झाड नाही. मान्य नसेल तर पानओवा लावा, मरवा लावा. तेही त्याच गोतातले आणि या हवेला सरावलेले. येत्या जूनमध्ये रोपवाटिकेत रोझमेरीचं टवटवीत रोप दिसलं तर हात आवरा आणि नोव्हेंबरात परत जा. आणि तुमच्यापैकी कुणाची रोझमेरी परभणीचा अख्खा पावसाळा उघड्यावर काढून हिरवी उभी असेल, तर वर लिहिलेलं सगळं खोडून टाका, पण तिची एक काडी मला जरूर द्या.